पायावरची लाली अंगावर काढू नका
(रौप्य महोत्सवी आरोग्य कार्यक्रमातील भाषण)



वेळ थोडा आहे, म्हणून एकाच आजाराबद्दल बोलते. सेल्युलायटिस, म्हणजे कातडीच्या आतल्या थरांत पसरणारा जंतुसंसर्ग. अशा दुखण्याला जुनी माणसं ‘धावरे’ म्हणायची.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालणं आपल्यापैकी कोणाला चुकलंय? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो तर सगळ्यांना आठवतो. ओल्या पायांना बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, कातडी फाटते. स्ट्रेप्टोकोकस, स्टॅफिलोकोकस या जंतूंना तेवढी फट पुरते.

ओळखायचं कसं? बहुधा एकच पाय सुजतो, तापतो, दुखतो. सावळ्या कातडीवर लाली जांभळट दिसते, म्हणून दोन्ही पायांना हात लावून फरक बघा. थंडीताप येऊ शकतो. लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ मारा, वेळ लिहा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

उपचार अँटिबायोटिकचा. बऱ्याचदा ५ ते ७ दिवस पुरतात, पण बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका. पाय उशीवर उंच ठेवा. चिखल्यांवरही औषध घ्या, नाहीतर दुखणं परत येतं. साखर तपासून घ्या. हळद-चुन्याचा लेप, विचारल्याशिवाय आणलेलं स्टेरॉइडचं मलम, शेजाऱ्यांकडची उरलेली स्ट्रिप, यातलं काही नको.

आपण मासळी खाणारी माणसं. साफ करताना शिंगाळ्याचा काटा टोचला, चिंबोरीचा नांगा लागला, तर साबणपाण्याने लगेच धुवा. हात सुजला तर मासळीची जखम आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. समुद्रातले काही जंतू वेगळे, त्यांचं औषधही वेगळं असू शकतं. मधुमेह किंवा लिव्हरचा आजार असेल तर जास्तच जपा.

दिसतंय त्यापेक्षा वेदना फार जास्त, काळपट फोड, धाप, बरळणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. कूपर किंवा जवळच्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी गाठा.

पंचवीस वर्षांपूर्वी चाळिशीत इथे आलेले आपले सभासद आज पासष्टीपुढे आहेत. काहींची मुलं परदेशी, काहींना मधुमेह. त्यांना स्वतःचे तळपाय नीट दिसतही नाहीत. शेजारच्या काका-काकूंना पावसाळ्यात एवढं जरूर विचारा, “पाय बघू जरा?”