शिवी ऐकल्यावर

(डिंगोरे, ता. जुन्नर येथे तरुणांसमोर केलेलं भाषण)



तुमच्यापैकी काहीजण पहाटे भरतीसाठी धावता. धावण्याची तयारी होते, लेखी परीक्षेचीही होते. शिवी ऐकण्याची तयारी मात्र कोणी करून घेत नाही.

सैन्यात ओरडणं चालायचंच, असं आपण म्हणतो. पण ‘जोरात धाव’ हा हुकूम झाला. आई-बहिणीवरून, जातीवरून, धर्मावरून बोलणं हा अपमान. अपमान गिळलेला शिपाई तो कुठेतरी काढतो : हाताखालच्या पोरावर, सुट्टीत घरी आल्यावर बायकोवर.

१९४६ साली मुंबईत नौदलाच्या ‘तलवार’ या सिग्नल शाळेत कमांडर किंग हिंदी खलाशांना शिव्या द्यायचा. जेवण निकृष्ट होतं. तक्रारीची दाद लागेना. १८ फेब्रुवारीला खलाशांनी जेवण नाकारलं, काम थांबवलं. संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदन सिंग. काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्टांचे झेंडे एकत्र फडकले. पुढे लष्कराने वेढा घातल्यावर गोळीबारही झाला, हे लपवायचं कारण नाही. पण सुरुवात किंगला मारून झाली नव्हती. त्याच्यावर कारवाई करा, ही लेखी मागणी होती.

अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाने याची उकल केली आहे. कि. मो. फडके यांनी ती मराठीत आणली. घटना आणि आपली प्रतिक्रिया यांच्यामध्ये एक विचार असतो. ‘उत्तर दिलं नाही तर माझी इज्जत गेली’, ‘एक बोलला म्हणजे ते सगळे तसेच’, ‘तो हसला तो मलाच’ – असा विचार आला की हात उठतो. ‘हे चूक आहे, आणि हे माझ्या एकट्यावर नाही’ असा विचार आला की माणूस सोबती शोधतो, अर्ज लिहितो.

मी गप्प बसा म्हणत नाही. राग यायलाच हवा. राग आवरतो तोच खरा पैलवान, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण आवरायचा कसा, ते कोणी सांगत नाही.

म्हणून एवढंच करा. पुढच्या वेळी कोणी धर्मावरून शिवी दिली, मग ते मैदानावर असो की मोबाईलवर, तर मनात आलेलं पहिलं वाक्य कागदावर लिहा. ते खरं आहे का, मित्राला विचारा. तो मित्र दुसऱ्या धर्माचा असेल तर फारच चांगलं. खान आणि मदन सिंग एका समितीत बसले होते.