परीक्षेची उजळणी आणि विज्ञानातील शब्द

(दहावीच्या विद्यार्थ्यांसमोर विज्ञान विषयाच्या उजळणीनिमित्त दिलेले व्याख्यान)



परीक्षा जवळ आली, की विज्ञानाच्या वहीतील व्याख्यांखाली रेघा ओढल्या जातात आणि घराघरांतून त्यांचे पठण सुरू होते. पाठांतराला नावे ठेवण्याची हल्ली रीत आहे. परंतु व्याख्या तोंडपाठ असणे हा काही दोष नव्हे. शब्द पाठ आहे, पण तो कोणत्या वस्तूचे नाव आहे हे ठाऊक नाही, अशी स्थिती झाली म्हणजे मात्र अडचण उभी राहते. मराठी मुलखाबाहेर मराठी माध्यमातून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ही अडचण जरा अधिकच जाणवते. त्याचे पाठ्यपुस्तक मराठी, शेजारच्या मित्राचे मार्गदर्शक हिंदी आणि प्रयोगशाळेतील बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या इंग्रजी. या तिन्हींतून अभ्यास करताना एकच शब्द दोन ठिकाणी दोन निराळ्या वस्तूंना लावलेला त्याला आढळतो.

सर्वांत ठळक उदाहरण ‘अणू’ या शब्दाचे. मराठी पुस्तकात मूलद्रव्याच्या, रासायनिक अभिक्रियेत भाग घेणाऱ्या सर्वांत लहान कणाला अणू म्हणतात, आणि अणू एकत्र येऊन होतो तो रेणू. हिंदी पुस्तकात पहिल्याला परमाणू व दुसऱ्याला अणू म्हणतात. गुजराती, कन्नड आणि तेलुगू पुस्तकांतही वाटणी हिंदीसारखीच आहे. या भाषांच्या तुलनेत मराठीची वाटणी निराळी आहे. पाण्याच्या अणूत तीन परमाणू असतात, हे हिंदीतील विधान अगदी बरोबर आहे. तेच अर्धवट रूपांतर होऊन मराठी उत्तरपत्रिकेत ‘पाण्याचा अणू’ असे उतरले, की चूक ठरते. कारण मराठीत पाण्याला अणू नसतोच, रेणू असतो. दोन्ही बाजूंच्या शब्दांची मुळे जुनीच आहेत. वैशेषिक दर्शनात अविभाज्य कणाला परमाणू आणि दोन परमाणूंच्या जोडीला द्व्यणुक म्हटले आहे. झरोक्यातून आलेल्या उन्हात तरंगताना दिसणाऱ्या कणाचे जुने नाव त्रसरेणू. तेव्हा कोणाचे बरोबर, हा वाद निष्फळ आहे. उत्तरपत्रिका ज्या भाषेत, संज्ञा त्या भाषेच्या, एवढा दंडक परीक्षेपुरता पुरे.

मात्र दंडक पाळला म्हणजे कल्पना कळली, असे नव्हे. अणू आणि रेणू यांतील भेद खुद्द रसायनशास्त्रज्ञांनाही सुमारे अर्धशतक चकवत होता. डाल्टनने 1808 मध्ये आपला अणुसिद्धांत ग्रंथरूपाने मांडला, तेव्हा पाण्यात हायड्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचा एक अणू असतो, असे तो धरून चालला होता. त्याच वर्षी गे-ल्युसॅकने वायूंच्या आकारमानांचा नियम मांडला. दोन लीटर हायड्रोजन आणि एक लीटर ऑक्सिजन यांच्या संयोगातून, तापमान व दाब तेच ठेवल्यास, दोन लीटर वाफ मिळते. येथे विद्यार्थ्याने क्षणभर थांबावे. सारख्या आकारमानात कणांची संख्या सारखी असते, असे मानले, तर ऑक्सिजनच्या जितक्या कणांचा उपयोग झाला त्याच्या दुप्पट वाफेचे कण तयार झाले. वाफेच्या प्रत्येक कणात थोडा तरी ऑक्सिजन असलाच पाहिजे. मग ऑक्सिजनचा मूळ कण दुभंगल्याखेरीज हा हिशेब जुळणार कसा? आणि जो दुभंगतो तो अणू असू शकत नाही. तो दोन अणूंचा रेणू असला पाहिजे. अ‍ॅव्होगाड्रोने हा विचार 1811 मध्ये मांडला, आणि त्याकडे जवळजवळ सर्वांनी पाठ फिरवली. 1860 मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूह येथे रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली, तेव्हा कानिझारोने तो पुन्हा आग्रहाने पुढे ठेवला. त्या परिषदेला उपस्थित असलेल्या तरुण मेंडेलीव्हने 1869 मध्ये मूलद्रव्यांची आवर्तसारणी प्रसिद्ध केली, ती अणुभारांच्या क्रमानेच. आणि अणुभार निश्चित होण्यासाठी अणू व रेणू वेगळे ओळखणे अपरिहार्य होते.

हा युक्तिवाद ज्याला एकदा कागदावर मांडता आला, त्याला समीकरण संतुलित करताना फारसे अडखळावे लागत नाही. हायड्रोजनचे दोन रेणू आणि ऑक्सिजनचा एक रेणू मिळून पाण्याचे दोन रेणू होतात. घाईत असलेला विद्यार्थी ऑक्सिजनचा हिशेब जुळवण्यासाठी पाण्याच्या सूत्रातच ऑक्सिजनपुढे लहानसा दोनचा आकडा लिहून मोकळा होतो. डाव्या-उजव्या बाजूंची बेरीज जुळते खरी. पण त्या सूत्राचा पदार्थ पाणी नसून हायड्रोजन पेरॉक्साइड आहे. रेणूंची संख्या बदलता येते, रेणूची घडण बदलता येत नाही.

दुसरा फसवा शब्द ‘क्षार’. मराठी परिभाषेत आम्ल आणि आम्लारी यांच्या उदासिनीकरणातून पाण्याबरोबर जो पदार्थ मिळतो, तो क्षार. हिंदीत त्याला लवण म्हणतात, आणि क्षार हा शब्द तेथे, मराठीत ज्याला अल्क म्हणतात, त्या पाण्यात विरघळणाऱ्या आम्लारीसाठी राखलेला आहे. म्हणजे मीठ मराठीत क्षार आहे, तर हिंदीत कॉस्टिक सोडा क्षार आहे. गंमत अशी, की घरगुती मराठीत हे दोन्ही अर्थ सुखाने नांदतात: ‘खारट’ म्हणताना मिठाची चव अभिप्रेत असते, तर ‘पापडखार’ हा आम्लारीच्या गुणधर्माचा पदार्थ असतो. खाण्याचा सोडा तर परीक्षकांचा फारच आवडता. तो मराठी परिभाषेप्रमाणे क्षारच आहे, तरी त्याचे द्रावण सौम्य आम्लारिधर्मी असते. तेव्हा ‘क्षार म्हणून उदासीन’ असे ठोकून देणे धोक्याचे आहे. येथे शब्दावर भिस्त न ठेवता लाल लिटमस त्या द्रावणात बुडवावा. तो निळा होतो. लिटमस नसेल, तर स्वयंपाकघरातील हळद आहेच. हळदीचा डाग साबणाने लाल होतो आणि त्यावर लिंबू चोळले की पुन्हा पिवळा होतो, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते. पाठ्यपुस्तकात त्यालाच दर्शक म्हणतात.

बाकीच्या शब्दांची यादी लांबवण्याचे कारण नाही. हिंदीतील तत्त्व मराठीत मूलद्रव्य, यौगिक ते संयुग, विलयन ते द्रावण, द्रव्यमान ते वस्तुमान. वस्तुमान किलोग्रॅममध्ये आणि वजन न्यूटनमध्ये, एवढे एकक सांभाळले तरी त्या प्रश्नातील निम्मी चूक टळते.

‘ताप’ मात्र सोडून चालणार नाही. हिंदी विज्ञानात तो तापमानाचा पर्याय आहे, मराठी घरात तो आजार आहे, आणि बोलण्याच्या ओघात उष्णता व तापमान यांचीही सर्रास अदलाबदल होते. वितळणाऱ्या बर्फात तापमापी ठेवावी. खालून उष्णता मिळत राहते आणि पारा शून्य अंशावर निश्चल राहतो; बर्फ संपेपर्यंत तो हलत नाही. एक ग्रॅम बर्फ वितळण्यास सुमारे 80 कॅलरी उष्णता लागते, आणि ती सारी तापमान न वाढवता खर्च होते. तेवढ्याच उष्णतेने तेच एक ग्रॅम पाणी पुढे शून्यावरून सुमारे 80 अंश सेल्सिअसपर्यंत तापते. पाण्याची वाफ होताना हा अप्रकट उष्मा याहून पुष्कळच मोठा, प्रत्येक ग्रॅमला सुमारे 540 कॅलरी असतो. उकळते पाणी आणि वाफ या दोहोंचे तापमान 100 अंशच असूनही वाफेने अधिक भाजते, याचे शास्त्रीय कारण विचारले, तर ‘वाफ अधिक गरम असते’ या उत्तराला गुण नाहीत. त्वचेवर पडून पाणी होताना प्रत्येक ग्रॅम वाफ त्या 540 कॅलरी आधी देऊन टाकते, आणि मग उकळत्या पाण्याइतकेच भाजते ते निराळे.