हे उत्तर कसं काढलंस?



हाताशी कागद-पेन्सिल असेल तर चार वजाबाक्या लिहून घ्या. दुसरी-तिसरीतल्या मुलांच्या वह्यांत अशी उत्तरं नेहमी सापडतात. ५२ वजा २७, उत्तर ३५. ४३ वजा १८, उत्तर ३५. ६१ वजा ३४, उत्तर ३३. आणि ५८ वजा २३, उत्तर ३५. समजा, ही एकाच मुलीची वही आहे. बाईंनी पहिल्या तिन्हींवर फुली मारली, शेवटच्या उत्तराला बरोबरची खूण दिली आणि खाली शेरा लिहिला : सराव हवा.

आता ती खूण आणि त्या फुल्या विसरा आणि नुसते अंक पाहा. ५२ वजा २७ मध्ये एककाच्या घरात वर २ आहेत, खाली ७. मुलीने सातातून दोन काढले, पाच राहिले. दशकाच्या घरात पाचातून दोन गेले, तीन. झाले ३५. ४३ वजा १८ : आठातून तीन गेले पाच, चारातून एक गेला तीन. पुन्हा ३५. एकसष्टाचंही तेच. ती अंदाजाने काही लिहीत नाही, धांदरटपणाही करत नाही. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा हा तिचा नियम आहे आणि तो ती चारही ठिकाणी चोख पाळते. हा नियम तिला मिळाला कुठून? आपल्याकडूनच. ‘लहानातून मोठं जात नाही’ हे वाक्य पहिलीपासून आपण कितीदा तरी म्हणतो. तिने ते मनावर घेतलं, एवढंच.

चौथं उदाहरण मात्र मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. ५८ वजा २३ तिने ह्याच नियमाने केलं आणि ते बरोबर आलं. म्हणजे बरोबरची खूण एका चुकीच्या नियमाला मिळाली! अशा मुलीला घरी आणखी पन्नास वजाबाक्या करायला लावल्या, तर पक्का होईल तो तिचा चुकीचा नियमच. ‘असर’ ह्या शैक्षणिक पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात तिसरीतल्या साधारण एक तृतीयांश मुलांनाच हातच्याची वजाबाकी जमते. उरलेल्या मुलांना आपण ‘कच्ची’ म्हणून मोकळे होतो. त्यांच्यातल्या किती जणांच्या डोक्यात असा एखादा नीटनेटका, पण चुकीचा नियम बसलेला असेल, हे आपण कधी पाहतो का?

ह्या मुलीपुढे दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवा आणि तिच्याकडे सत्तावीस काड्या मागा. दोन गठ्ठे ती लगेच देते. सात सुट्या द्यायला जाते तेव्हा आपल्याजवळ दोनच आहेत हे तिचं तिलाच दिसतं. ती थांबते. इथे मोठ्या माणसांनी गप्प बसायला हवं, आणि हेच आपल्याला सर्वांत अवघड जातं. थोडा वेळ मिळाला की ती एक गठ्ठा सोडते. वहीतल्या हातच्याला तेव्हा कुठे अर्थ येतो. काही मुलं तर गठ्ठा न सोडताच सांगतात, ‘बाई, सत्तावीसला तीन मिळवले की तीस, तिसावर वीस म्हणजे पन्नास, आणि वर दोन. पंचवीस!’ दुकानदार सुटे पैसे परत देताना असंच मोजत जातो. ही रीत पूर्णपणे बरोबर आहे. तरीही ‘उभी मांडणी कुठे आहे?’ म्हणून आपण तिचे गुण कापतो. हा त्या मुलावर अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं.

ब्राझीलमध्ये रेसिफे नावाचं शहर आहे. तिथल्या बाजारात आणि रस्त्यावर नारळ, फळं विकणाऱ्या मुलांचा एक अभ्यास तेरेझिन्या काराहेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. गिऱ्हाईक म्हणून गेलेल्या अभ्यासकाने बारा वर्षांच्या मुलाला विचारलं, पस्तीसला एक नारळ, तर दहांचे किती? मुलगा मोठ्याने हिशेब करू लागला : तिनांचे एकशे पाच, आणखी तिनांचे दोनशे दहा, आणखी तीन म्हणजे तीनशे पंधरा, वर एक. साडेतीनशे. दहाने गुणताना पुढे शून्य द्यायचं, ही शाळेची युक्ती त्याने वापरली नाही. स्वतःच्या बेरजेवर त्याचा विश्वास होता. बाजारात ह्या मुलांची सुमारे ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. तशीच गणितं शाळेसारखी कागदावर मांडून दिली, तेव्हा बरोबर उत्तरांचं प्रमाण ३७ टक्क्यांवर घसरलं. अलीकडे, २०२५ मध्ये, अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांबद्दल हेच दाखवून दिलं. तिथली मुलं दुकानातला हिशेब तोंडी झटकन करतात आणि शाळेतल्या मांडणीपुढे अडखळतात. उलट, वहीतली उदाहरणं सोडवणाऱ्या शाळकरी मुलांना बाजारातला हिशेब जड जातो. शाळेचं गणित आणि बाजाराचं गणित ही दोन वेगळी गावं होऊन बसली आहेत.

आपल्या मराठी मुलांची आणखी एक अडचण आहे. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी ऐकू येतात, लिहायचे मात्र आधी दोन. म्हणून पहिलीतलं मूल ५२ लिहितं. कानाने जे ऐकलं, ते त्याच क्रमाने त्याने कागदावर उतरवलं. ‘एकोणतीस’ सांगितलं की एखादं मूल ३९ लिहितं, कारण शेवटी तीस ऐकू आलं, आणि ‘एकोण’ म्हणजे नऊ हे त्याने स्वतः शोधून काढलेलं असतं. ‘एकशे पाच’ला १००५ लिहिणारं मूलही असाच विचार करतं : आधी शंभर लिहिले, मग पाच.

दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बालभारतीने २०१९ मध्ये ‘वीस एक’, ‘साठ दोन’ अशी संख्यावाचनाची पद्धत आणली आणि केवढा गदारोळ झाला! विधिमंडळापर्यंत विषय गेला, थट्टा झाली. तेव्हा गणित विषय समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. मंगला नारळीकर. लहान मुलांचं गणित सोपं व्हावं म्हणून त्यांनी आयुष्यभर लिहिलं, शिकवलं. पंचवीस, बासष्ट हे शब्द जाऊ नयेत असं मलाही वाटतं आणि ते जाणारही नाहीत. पण त्या वादात भाषेच्या अभिमानाबद्दल सगळे बोलले, ५२ लिहिणाऱ्या मुलाबद्दल फार थोडे बोलले. वर्गात पंचवीस म्हणताना शेजारी ‘वीस आणि पाच’ म्हटलं, तर कुणाचं काय बिघडतं?

तर मुलाच्या डोक्यात काय चाललंय हे कळायचं, तर त्यालाच विचारायला हवं, ‘कसं काढलंस?’ पण ह्यातही एक मेख आहे. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे मुलांपुढे सारख्या संख्येच्या वस्तूंच्या दोन रांगा मांडत. दोन्हीकडे सारख्याच आहेत असं मूल म्हणालं की एक रांग लांबवून पुन्हा तोच प्रश्न विचारत. चार-पाच वर्षांची मुलं म्हणत, लांब रांगेत जास्त आहेत. मुलांना संख्येची समज अजून आलेली नाही, असा निष्कर्ष पियाजेंनी काढला. पुढे १९७० च्या दशकात एडिंबरो विद्यापीठाच्या मार्गारेट डोनाल्डसन आणि त्यांचे सहकारी जेम्स मॅकगॅरिगल यांनी त्यात एक छोटा बदल केला. रांग मोठ्या माणसाने लांबवायची नाही. खोक्यातून एक खोडकर टेडी अस्वल यायचं आणि रांग विस्कटून टाकायचं. आता बरीच अधिक मुलं ‘सारख्याच आहेत’ म्हणाली. मोठं माणूस मुद्दाम काहीतरी बदलून तोच प्रश्न पुन्हा विचारतं, म्हणजे आपलं पहिलं उत्तर बदलायला हवं, असा अर्थ मुलं लावत असावीत.

आपल्या वर्गांतही हेच चालतं. ‘नक्की का रे?’ असं बाई फक्त चुकल्यावर विचारतात, हे मुलांना पहिलीतच कळतं. मग बरोबर उत्तर असलेलं मूलही प्रश्न ऐकताच खोडरबर उचलतं. म्हणून बरोबर उत्तरालाही ‘कसं काढलंस?’ विचारायचं, त्याच आवाजात, त्याच चेहऱ्याने. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाला विचारणं शक्य नसतं, बहुवर्ग शिकवणाऱ्या गुरुजींना तर नाहीच नाही. मग एकच उदाहरण घ्यावं. वर्गातून आलेली ३५, २५, ४५ अशी सगळी उत्तरं फळ्यावर लिहावीत, बरोबर कोणतं ते सांगू नये आणि प्रत्येक उत्तराच्या बाजूने कुणाला तरी बोलू द्यावं. एका तासात एकच वजाबाकी झाली, तरी तो तास वाया गेला असं कुणी समजू नये. पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी तर मुळीच समजू नये.

आणि आईबाबांनो, आजी-आजोबांनो, तुम्हाला एक विनंती. ह्या आठवड्यात मुलाची गणिताची वही उघडाल तेव्हा एक चुकलेलं आणि एक बरोबर आलेलं, अशी दोन उदाहरणं निवडा. दोन्हींबद्दल विचारा, ‘हे कसं काढलंस, मला सांग बघू.’ ते सांगत असताना मध्ये बोलू नका, पेन्सिल हातात घेऊ नका. त्याचं सांगून पूर्ण होऊ द्या.