सौर पॅनेलांचे आयुष्य



गच्चीवर सौर पॅनेल बसविताना गृहस्थ ‘किती किलोवॅटचे?’ हा प्रश्न अगत्याने विचारतो. परंतु ते किती वर्षे इमानेइतबारे चालेल, ही चिंता हमीच्या दस्तऐवजावर सोपवून मोकळा होतो. हमी पंचवीस वर्षांची असते खरी. पण दस्तऐवज कपाटात असतो आणि पॅनेल उन्हात.

वास्तविक पॅनेलातील सिलिकॉन सहसा झिजत नाही. झिजते ते त्याचे वेष्टन. वरची काच आणि मागचा पडदा यांच्यामध्ये सिलिकॉनच्या चकत्यांना धरून ठेवणारा जो पारदर्शक प्लास्टिकचा थर असतो, त्याला आपण सोयीसाठी डिंक म्हणू. स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे १९८२ साली २८८ पॅनेलांचे जे वीजकेंद्र सुरू झाले, त्यातील पॅनेले एकाच नमुन्याची, डिंक मात्र वेगवेगळ्या घडणीचा होता. आणि पस्तीस वर्षांनंतर तपासणी झाली तेव्हा काही पॅनेलांची शक्ती फारशी उतरलेली नव्हती, तर काहींची पुष्कळच खालावली होती. हल्ली सर्रास वापरला जाणारा ईव्हीए नावाचा डिंक उष्णतेने व दमटपणाने विघटित होऊ लागला, म्हणजे त्यातून शिरक्यातलेच आम्ल सुटते आणि ते चकत्यांवरील चांदीच्या बारीक रेषा कुरतडते. यावर दक्षता म्हणून पॅनेलाच्या नमुन्याला ८५ अंश उष्णता आणि ८५ टक्के आर्द्रता यांत हजार तास कोंडतात; पण हजार तास म्हणजे अवघे बेचाळीस दिवस, आणि कोकणातला पावसाळाच चार महिन्यांचा! तेव्हा या चाचणीचा दाखला बालपणीच्या दुखण्यांपुरता समजावा, दीर्घायुष्याचा नव्हे.

पवईच्या आयआयटीतील संशोधकांनी २०१३ पासून देशभर पाहणी केली, तीत उष्ण प्रदेशातली पॅनेले थंड प्रदेशातल्यांपेक्षा आणि घरांच्या छपरांवरची मोठ्या वीजकेंद्रांतल्यांपेक्षा लवकर खालावलेली आढळली. याचे मला नवल वाटत नाही. सिलिकॉनची चकती पाव मिलिमीटरहूनही पातळ असते, आणि छपरावर पॅनेलाची पट्टी आवळायला चढलेला कारागीर बिनदिक्कत काचेवर उभा राहतो! काच तडकत नाही, म्हणून मालकही निर्धास्त. आत चकतीला पडलेली चीर त्याच्या दृष्टीस पडत नाही.

तेव्हा विनंती एवढीच, की पॅनेलाखाली वारा खेळेल इतकी जागा सोडायला मिस्त्रीला बजावून सांगा, तापलेल्या काचेवर भर दुपारी गार पाणी ओतू नका, आणि काचेवर कोणाला पाय ठेवू देऊ नका.