‘डफरिन’ आणि किनाऱ्यावरील मक्तेदारी



१९२७ साली मुंबईत माझगावनजीक ‘डफरिन’ हे जुने सैन्यवाहू जहाज नांगरून ठेवण्यात आले आणि त्यावर हिंदी मुलांना व्यापारी जहाजांवरील अधिकाऱ्यांचे शिक्षण देण्यास सरकारने आरंभ केला. यात सरकारचे औदार्य शोधण्याचे कारण नाही. सर शिवस्वामी अय्यर यांनी १९२२ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात हा प्रश्न उपस्थित केला, त्यातून कॅप्टन हेडलॅम यांची समिती नेमली गेली आणि १९२४ मध्ये तिने दोन शिफारशी जोडीने केल्या: शिक्षण-जहाज सुरू करावे, आणि किनाऱ्यावरील वाहतूक हळूहळू हिंदी मालकीच्या जहाजांसाठी राखून ठेवावी. पहिली शिफारस सरकारने मान्य केली. दुसरी बासनात गेली.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने सारे मर्म येथेच आहे. अधिकारी घडवावयाचे, पण त्यांना सामावून घेणारी जहाजे वाढू द्यावयाची नाहीत! १९१९ मध्ये निघालेल्या सिंदिया कंपनीला १९२३ च्या कराराने इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया कंपनीने ७५,००० टनांच्या मर्यादेत जखडून ठेवले होते. मग ‘डफरिन’वरून बाहेर पडणाऱ्या तरुणाने नोकरी मागावयाची कोणाकडे? बहुतांशी त्याच गोऱ्या कंपन्यांकडे. साराभाई हाजी यांनी १९२८ मध्ये किनारा राखून ठेवण्याचे विधेयक मांडले. ब्रिटिश राजवटीत त्याचा कायदा झाला नाही. उलट १९३५ च्या कायद्याने ब्रिटिश जहाजांविरुद्ध भेदभाव करण्यास मनाईच केली. हाजी हे सिंदियाचेच गृहस्थ, तेव्हा विधेयकामागे देशी भांडवलाचा स्वार्थ होता हे उघड आहे. पण तेवढ्याने मागणी अन्याय्य ठरत नाही.

लढाऊ आरमाराची कथा याहून निराळी नाही. रॉयल इंडियन मरीनमध्ये पहिला हिंदी अधिकारी, अभियंता मुखर्जी, घेतला गेला तो १९२८ मध्ये. १९३४ साली तिचे नाव रॉयल इंडियन नेव्ही झाले, तरी अधिकाऱ्याचे शिक्षण विलायतेतच होई. खालच्या श्रेणीतील खलाशी मात्र कित्येक वर्षे प्रामुख्याने रत्नागिरी जिल्ह्यातून, विशेषतः कोकणी मुसलमानांतून, भरती होत असत. त्यांना अधिकारपदाचा जिना जवळजवळ बंदच होता. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईच्या ‘तलवार’ या नौदल-केंद्रावर संप पुकारला गेला तो खालच्या श्रेणीतील नौसैनिकांनी, आणि त्यांच्या तक्रारींत निकृष्ट अन्नाबरोबरच गोऱ्या अधिकाऱ्यांची अपमानास्पद वागणूकही होती.

‘डफरिन’च्या पहिल्या तुकडीतील राम दास कटारी १९५८ मध्ये स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय नौदलप्रमुख झाले.