नाणं घासू नका

मागच्या खेपेला इथे जुन्या नाण्यांवर बोललो, त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांत एकच प्रश्न आहे. ‘आमच्याकडे आजोबांच्या वेळचे राणीछाप रुपये आहेत, किती येतील?’ एका ताईंनी तर पुढे लिहिलंय, ‘सगळे घासूनपुसून लख्ख करून ठेवलेत.’ ताई, ते वाक्य वाचलं आणि मी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

किमतीकडे येतो. पण आधी हे ऐका. नाणं घासू नका. चिंच नको, लिंबू नको, राख नको, रांगोळी नको, दात घासायची पावडर नको. तांब्यापितळेची भांडी चकचकीत करणारी ती पावडर घरोघरी असते, आकाशवाणीवर तिचं नाव घ्यायचं नसतं म्हणून घेत नाही, तीही नको.

असं का, ते सांगतो. टांकसाळीत ठसा धातूवर आदळतो, तेव्हा धातू मधून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक रेषा उमटतात. नाणं हातात फिरवलं की चक्रासारखी चमक फिरते ना, ती या रेषांची. घासलं की रेषा गेल्या. मग राहते ती चमक स्टीलच्या वाटीची. जाणकाराला ती भिंगाशिवाय कळते, आणि दुकानदार न बोलता नाणं बाजूला सरकवतो.

आणि तो काळपटपणा म्हणजे मळ नव्हे. हवेतल्या गंधकामुळे चांदीवर हळूहळू एक पातळ थर चढतो. त्याला आम्ही पॅटिना म्हणतो. नाण्याचं वय तिथे दिसतं, म्हणून संग्राहक त्याच्यासाठी जास्त पैसे मोजतो. तुम्ही फुकटात तो काढून टाकता! तांब्याच्या शिवराई नाण्याचे तर हाल विचारू नका. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, एवढीशी अक्षरं. चिंचेच्या कोळात रात्रभर बुडवली की सकाळी तांबं गुलाबी होतं आणि ‘छत्रपति’मधला ‘छ’ शोधावा लागतो.

राणीछापावर १८६२ हे साल पाहून काही जण हरखून जातात. टांकसाळ तेच साल १८७४ पर्यंत घालत राहिली. नाणं नेमकं कधीचं, याचा अंदाज संग्राहक त्यावरच्या बारीक ठिपक्यांवरून बांधतात. ठिपका केवढा? मोहरीच्या दाण्याहून लहान. दर दिवाळीला घासा, पाच-सहा दिवाळ्यांत ठिपका पुसट.

पंचम जॉर्जचा १९११ चा रुपयाही असाच. त्याच्या झग्यावरच्या साखळीत एक हत्ती आहे, पण सोंड अशी आखूड निघाली की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली, नाणी परत घेतली, बरीचशी वितळवली, आणि १९१२ पासून हत्तीला नीट सोंड मिळाली. तो हत्ती नाण्याच्या उंच भागावर आहे. म्हणजे राख लावून अंगठा फिरवलात की आधी झिजणार तो हत्तीच, आणि रुपयाला जी काही जास्त किंमत आहे ती त्याच्यामुळे.

‘नुसत्या साबणाने धुतलं तर?’ नको. ‘मऊ ब्रश?’ नको. ‘दुकानदारच म्हणाला साफ करून आणा.’ मग दुकानदार बदला.

दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ माझ्याकडे आले. रुमालात सहाव्या जॉर्जचे रुपये, १९३८ पासून १९४५ पर्यंतचा संच, आणि त्यात १९३९! या संचात अडतं ते याच सालावर. तो रुपया बाजारात फार थोडा आला, आणि लगेच १९४० पासून चांदी निम्म्यावर आणली गेली. चांगल्या अवस्थेतला असेल तर तो एकटा हजारोंच्या घरात जातो, आणि त्याच्यावाचून बाकीचा संच दात पडलेल्या तोंडासारखा दिसतो. म्हणून त्याच्या नकलाही उदंड. मी वजन केलं, कड पाहिली, नाणं अस्सल होतं. आणि आरशासारखं लखलखत होतं. ‘तुमच्याकडे यायचं म्हणून काल रात्री सूनबाईंनी घासून दिलं,’ ते कौतुकानं म्हणाले. मी त्यांना चहा दिला. दुसरं काय देणार?

आता किंमत. व्हिक्टोरिया, एडवर्ड, पंचम जॉर्ज यांचा बंदा रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात चांदी शेकडा ९१.७. म्हणजे शुद्ध चांदी सुमारे १०.७ ग्रॅम. १९४० ते १९४५ च्या रुपयात ५.८३ ग्रॅम. त्या दिवशीच्या चांदीच्या भावाने गुणा, हा तुमचा तळ. सर्वसाधारण सालाच्या, झिजलेल्या रुपयाला याच्या फार वर कोणी देत नाही, आणि हे सांगितलं की लोक माझ्यावर रागावतात. १९४७ चा रुपया निकेलचा, लोहचुंबकाला चिकटतो. त्याला चांदीचा भाव मागू नका. कडी डाग देऊन बसवलेलं किंवा भोक पाडलेलं नाणं दागिना झालं, तेही तळाच्याच भावात.

विकताना एकाच दुकानात जाऊ नका, निदान तिघांना दाखवा. संच असेल तर त्यातलं एखादं चांगलं साल उचलून द्यायला ‘नाही’ म्हणा, कारण उरलेला गाळ मग कोणी घेत नाही. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवू नका, हिरवा चिकटा सुटतो. नाणं कडेने धरा. शेतात हंडा सापडला तर तो लगेच तुमचा होत नाही, आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवा, १८७८ पासून तसा कायदा आहे. शंभर वर्षांवरचं नाणं अमेरिकेतल्या भाच्याला पार्सलने पाठवू नका.

आणि ते मोबाइलवरचं. ‘वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं द्या, लाखो रुपये घ्या.’ ‘७८६ ची नोट आहे का?’ कोणी लाखो देत नाही हो! आधी नोंदणीचे हजार मागतात, मग कराचे पाच हजार, मग फोन बंद. वर रिझर्व्ह बँकेचं नाव पुढे करतात. त्या बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलंय की असले व्यवहार ती करत नाही आणि कसलंही शुल्क वा कमिशन मागत नाही. विकणाऱ्याने आधी पैसे भरायचे, हा कुठला बाजार? भाजीवालीला विचारा, तीसुद्धा हसेल.

शिकायचं असेल तर मुंबईत फोर्टात रिझर्व्ह बँकेचं चलनाचं संग्रहालय आहे, नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संस्था आहे. मुलांना घेऊन जा. कुठलंही दुर्मीळ नाणं तिथे काचेआड काळपट दिसेल, ते पाहून या.

मला ठाऊक आहे, लक्ष्मीपूजनाला चांदीचा रुपया न्हाऊमाखू घातल्याशिवाय तुम्हाला चैन पडणार नाही. माझ्या आईलाही पडत नसे. आमच्या घरच्या पाच राणीछाप रुपयांवर राणीला नाक उरलेलं नाही. तेव्हा यंदा एवढं करा. पंचामृताचा अभिषेक सराफाकडच्या नव्या नाण्यावर करा. आजोबांचे रुपये शेजारी कोऱ्या कापडावर मांडा, दुरून फूल वाहा, आणि दुसऱ्या दिवशी होते तसेच, काळे ते काळे, डब्यात ठेवून द्या.