दार कुणाचं ठोठवायचं?

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)

आजचा विषय 'राज्यघटना आणि सरकारांचे अधिकार' असा फळ्यावर लिहिला, तेव्हा मागे बसलेल्या मावशींनी विचारलं, "ताई, हे परीक्षेचं की आपल्या कामाचं?" प्रश्न रास्त आहे. एम.एस.डब्ल्यू. करताना मीही घटनेतल्या तीन सूच्या पाठ केल्या, पेपर लिहिला आणि विसरून गेले. पुढे कामाला लागल्यावर एका चुकीमुळे त्या पुन्हा आठवाव्या लागल्या.

आमच्या तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्यात बायकांच्या तक्रारी लिहूनच घेत नसत. "घरचं भांडण घरात मिटवा" म्हणून परत पाठवत. आम्ही गावोगाव फिरून सह्या गोळा केल्या आणि मोठ्या उत्साहाने निवेदन थेट दिल्लीला पाठवलं. पाच महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं : पोलीस हा राज्याचा विषय आहे, राज्य सरकारशी संपर्क साधावा. त्या पाच महिन्यांत सह्या करणाऱ्यांपैकी एक जण मार खाऊन दोनदा दवाखान्यात गेली. आम्ही दार चुकलो होतो, आणि त्याची किंमत तिने मोजली.

घटनेचं पहिलंच कलम सांगतं की भारत हा राज्यांचा संघ असेल. आता संघाने काय करायचं आणि राज्यांनी काय, याची वाटणी सातव्या अनुसूचीत आहे. संघ सूचीतल्या विषयांवर संसद कायदे करते : संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, रेल्वे, चलन. राज्य सूचीतले विषय विधानसभेचे : पोलीस, सार्वजनिक आरोग्य आणि दवाखाने, जमीन, दारू. तिसरी समवर्ती सूची, म्हणजे दोघांचीही : फौजदारी कायदा, लग्न, घटस्फोट, दत्तक, वारसा. कुठेच न बसणारा विषय केंद्राकडे जातो. समवर्ती विषयावर दोन कायद्यांचं जुळलं नाही, तर संसदेचा कायदा चालतो. मात्र राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली असेल, तर त्या राज्यापुरता तो चालतो. तोही संसद पुढे बदलू शकते.

कागदावर ही वाटणी नीटनेटकी दिसते. पण बाईचा प्रश्न एका सूचीत मावत नाही. नवऱ्याच्या आणि सासरच्या छळाविरुद्धचं कलम आपण सगळ्या ४९८अ म्हणून ओळखतो; १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालं. हा कायदा संसदेचा, पण तक्रार लिहून घेणारा हवालदार राज्याचा. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा संसदेने केला, पण संरक्षण अधिकारी नेमायचे राज्याने. अंगणवाडीची योजना १९७५ साली केंद्राने सुरू केली, सेविकेचं मानधन मात्र दोघांच्या तिजोरीतून येतं. मानधनवाढ मागितली की एक सरकार दुसऱ्याकडे बोट दाखवतं. आपण मध्ये उभ्या.

मग ही वाटणी आपल्या विरोधातच आहे का? तसंही नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीतला जन्मसिद्ध हक्क मुलग्यांपुरताच ठेवला. वारसा समवर्ती सूचीत असल्यामुळे राज्यांना दिल्लीची वाट बघायची गरज नव्हती. आंध्र प्रदेश आणि तामिळनाडू पुढे गेले. २२ जून १९९४ पासून महाराष्ट्रातही मुलीला हा हक्क मिळाला. संसदेने हाच हक्क सगळ्या देशात लागू केला तो ९ सप्टेंबर २००५ पासून, म्हणजे अकरा वर्षांनी.

पण महाराष्ट्राच्या कायद्यात एक अट होती. २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलींना तो लागू नव्हता. आमच्या गटातल्या एका ताईंचं लग्न १९९२ चं, त्यांच्या धाकट्या बहिणीचं १९९६ चं. वडील हयात असतानाच २००१ साली शेताची रीतसर नोंदणी करून वाटणी झाली. धाकटीला हिस्सा मिळाला, थोरलीला नाही. २००५ च्या कायद्यात ती अट नव्हती, पण २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेल्या नोंदणीकृत वाटण्यांना त्याने हात लावला नाही. ताई विचारतात, "एकाच आईच्या पोटच्या आम्ही. माझं लग्न घरच्यांनी लवकर लावलं, त्यात माझा काय गुन्हा?" याचं उत्तर माझ्याकडे नाही. एवढं मात्र शिकले की राज्यात अर्धा हक्क मिळाला म्हणून थांबायचं नाही. उरलेल्या अर्ध्यासाठी राज्याकडेही भांडायचं आणि त्याच दिवशी दिल्लीलाही लिहायचं.

राज्याने दिलेलं राज्य काढूनही घेऊ शकतं. दारूचंच पाहा. बायकांनी पायी मोर्चे काढले, चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली दारूबंदी झाली आणि २०२१ मध्ये राज्य सरकारनेच ती उठवली. त्यासाठी संसदेत जावं लागलं नाही.

आणि गावचं दार? ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ साली लागू झाली. तिने पंचायतीत बायकांना किमान एक तृतीयांश जागा दिल्या. 'किमान' या शब्दामुळेच महाराष्ट्राला २०११ साली निम्म्या जागा देता आल्या. पंचायतीकडे सोपवता येतील असे २९ विषयही घटनेत आहेत. पण त्यातले किती अधिकार, किती पैसा द्यायचा, हे विधानसभा ठरवते. म्हणून खुर्चीवर आपली सरपंच बसली तरी तिच्या हातात काय दिलंय, हे विचारायला मुंबईलाच जावं लागतं.

तेव्हा मैत्रिणींनो, निवेदन लिहायच्या आधी तीन प्रश्न विचारा. कायदा कुणी केला? राबवणारा माणूस कुणाचा? पैसा कुणाचा? तिन्हींची उत्तरं वेगळी आली तर तीन प्रती काढा. प्रत्येक प्रतीवर बाकीच्या दोघांची नावं लिहा, म्हणजे कुणालाच "हे आमच्याकडे येत नाही" म्हणता येणार नाही.

ते पोलीस ठाण्याचं निवेदन आम्ही नंतर जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे नेलं, एक प्रत राज्याच्या गृहखात्याला दिली. पंधरा दिवसांत ठाण्यात तक्रारी लिहून घ्यायला लागले. दोनदा दवाखान्यात गेलेली ती मैत्रीण पहिली तक्रार द्यायला आमच्याबरोबर आली. आज ती याच शिबिरात बसली आहे. उद्या सकाळच्या सत्रात अर्ज कसा लिहायचा, हे तीच तुम्हाला शिकवणार आहे.